म्हशीची वहिवाट

"म्हैस माझ्या स्वयंपाकघरातून नेऊ नका, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

थोरलीनं इकडंतिकडं पाहिलं. चारी बाजूंना उघडा माळ होता. वर तापलेलं आभाळ, खाली मुरमाड जमीन, आणि मधे कमरेवर हात ठेवून उभी असलेली तिची धाकटी जाऊ. उन्हानं हिचं डोकं तर फिरलं नाही ना, असं थोरलीच्या मनात आलं. मग तिची नजर खाली गेली. धाकटीच्या पायांभोवती पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, आणि एका बाजूला हातभर जागा रेघ न मारता सोडलेली.

"हे दार," धाकटीनं त्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. "माणसानं कसं, दारातून यावं. म्हशीला तर बोलावलंच नाही."

"अगं, पण रोजची वाट आहे तिची."

"तिची असेल. भिंत माझी आहे."

म्हैस ह्या बोलण्याकडं लक्ष न देता चालत राहिली. ती गाभण होती, पोट दोन्ही अंगांना डुलत होतं, आणि तिला तहान लागली होती. तिनं भिंत ओलांडली, स्वयंपाकघर ओलांडलं आणि जाता जाता चुलीच्या जागी शेण टाकलं. धाकटी मटकन खाली बसली. नंतर दोन दिवस ती थोरलीशी बोलली नाही.

गोष्ट अशी झाली होती की वीटभट्टीवाल्यानं तो माळ शहरातल्या एका प्लॉटवाल्याला विकला होता. प्लॉटवाल्यानं तिथं घरांची वसाहत काढायचं ठरवून नकाशा गावसमितीपुढं मांडला. समितीनं पाहणी करून होकार दिल्याशिवाय एक दगडही हलवता येणार नव्हता, पण फक्की मारायला कुणाची ना नव्हती. त्यानं सगळी वसाहत जमिनीवर आखून टाकली. घरं, गल्ल्या, बाग, सगळं. संध्याकाळी माणसं आपापलं घर बघायला जाऊ लागली. कुणी ओसरीच्या रेघेआड बसून सुपारी कातरू लागलं. एकानं तर शेजाऱ्याशी भांडण काढलं, की तू माझ्या माजघरात डोकावतोस म्हणून. घर अजून कुणीच घेतलेलं नव्हतं.

धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, गावचा शिंपी होता आणि समितीवर सभासद होता. त्याला प्लॉटवाल्यानं काही कबूल केलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता की कोपऱ्याचं घर तुमच्यासारख्या माणसाला शोभून दिसेल. तेवढ्यावर धाकटीनं मांडणी कुठं लावायची ते ठरवून टाकलं.

थोरलीला घर नको होतं. तिला वाट हवी होती. तिचा गोठा माळाच्या ह्या टोकाला, तळं त्या टोकाला. दुसरा रस्ता होता, पण तो ट्रकांचा. गेल्या वर्षी तिथं म्हशीचं रेडकू चाकाखाली गेलं. तेव्हापासून भोंगा वाजला की म्हैस रस्त्यातच बसायची, आणि मग तिला उठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. नवरा गेल्यावर थोरलीचं घर ह्याच म्हशीच्या दुधावर चाललं होतं. माळ बंद झाला तर म्हैस देऊन टाकावी लागणार होती. हा विचार आला की ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उगीच उभी राहायची.

तिनं समितीपुढं हरकत घेतली.

समितीची खोली म्हणजे एक टेबल, चार पत्र्याच्या खुर्च्या आणि दार मिटत नाही म्हणून वीट टेकवून ठेवलेलं कपाट. टेबलावर नकाशा पसरलेला होता. तो सारखा गुंडाळत होता, म्हणून एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास, दुसऱ्यावर कारकुनाचा शिक्का आणि तिसऱ्यावर हेडमास्तरांचं कोपर ठेवलं होतं. चौथा कोपरा शिंप्यानं बोटानं धरला होता आणि भावजयीकडं बघायचं टाळलं होतं. अध्यक्ष होता गिरणीवाला. भुवयांवर कायम पीठ. माणूस भला, पण खुर्चीत बसला की कायद्याला इतका भ्यायचा, की किती वाजले विचारलं तरी आधी कारकुनाकडं बघायचा.

कारकुनानं नकाशावर वाट शोधली. सापडली नाही. तसं त्यानं सांगितलं.

"इथून जाते," थोरली म्हणाली, आणि तिनं नकाशावर बोट फिरवलं. बोट निघालं, वारुळाच्या जागी वळसा घेऊन पुढं गेलं आणि तळ्याशी थांबलं.

प्लॉटवाला मोठ्या अदबीनं म्हणाला, की बाईंचं बोट आत्ता तीन घरांमधून आणि एका बागेतून गेलं. असं जाता येत नाही.

"रोज जातो आम्ही," थोरली म्हणाली.

अध्यक्षांनी भुवया पुसल्या. वाट नकाशात नाही म्हणजे नाही, हेही खरं. बाई रोज जाते म्हणजे आहे, हेही खरं. त्यांनी जागेवर जाऊन पाहणी करायचं ठरवलं. प्लॉटवाला लगेच कबूल झाला. त्याची अट एकच होती. पाहणी वसाहतीची आहे, तेव्हा रेघा म्हणजे भिंतीच समजायच्या. नाहीतर सगळे उघड्या माळावर फिरून येतील आणि पाहणी कशाची केली ते सांगता येणार नाही. हे अध्यक्षांना एकदम पटलं. कारकुनानं अट लिहून घेतली.

पाहणीच्या दिवशी फक्की नवी मारली होती. ऊन असं पडलं होतं की रेघांकडं बघवत नव्हतं. थोरलीला प्लॉटवाल्यानं बाहेरच थांबायला सांगितलं. ती सभासद नाही, आणि म्हैस तर नाहीच नाही. तेव्हा ती काटेरी झाडाच्या सावलीत म्हैस बांधून उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. भिंती नव्हत्याच मुळी.

समिती आधी कोपऱ्याच्या घराशी आली. धाकटीनं घर झाडून ठेवलं होतं आणि दाराशी पाण्याची कळशी मांडली होती.

"चपला बाहेर काढा हं, आत्ताच सारवलंय," ती म्हणाली.

तिघं सभासद एकमेकांकडं बघू लागले. शिंप्यानं मान खाली घातली आणि आधी आपल्या चपला काढल्या, तेव्हा बाकीच्यांनाही काढाव्या लागल्या. कारकुनाच्या पायात बूट होते, त्याला वेळ लागला. सगळी मंडळी माजघर, स्वयंपाकघर असं बघत पुढं गेली. धाकटीनं दिलेलं पाणी प्यायले, हवा चांगली खेळती आहे म्हणाले, आणि मागच्या दारानं गल्लीत उतरले. चपला पुढच्या दारात राहिल्या.

गल्ली तापलेली होती. हेडमास्तर आधी भरभर चालले, मग पळाले म्हणावं असं चालले. अध्यक्ष टाचांवर चालत होते. दोन वळणं गेली आणि गल्ली संपली. समोर शेवटच्या घराची भिंत. प्लॉटवाल्यानं एक घर जास्त बसवायला म्हणून पुढचा रस्ता खाऊन टाकला होता.

"चला मागं," अध्यक्ष म्हणाले.

मागं प्लॉटवाल्याची जीप उभी होती. मंडळींना बसायला खुर्च्या घेऊन ती पाठोपाठ गल्लीत शिरली होती. गल्ली बरोबर जीपच्या रुंदीची. शेजारून जायला जागा नाही. ड्रायव्हरला मागं घे म्हटलं, तर तो म्हणाला की वळणावर चाक घराच्या भिंतीला लागेल.

"लागू देऊ नकोस," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "भिंत पडली तर मला पंचनामा करावा लागेल."

म्हणजे समिती गल्लीत अडकली. झाडाखालून थोरली बघत होती. उघड्या माळावर चार मोठी माणसं दाटीवाटीनं उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, आणि चारी बाजूंनी वारा आरपार वाहत होता. तिला वाटलं ओरडून सांगावं, अहो, टाका की पाय रेघेपलीकडं. पण हे तिनं सांगून चालणार नव्हतं. अध्यक्षांनी स्वतःच तसं एकदा दबक्या आवाजात कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, टाका साहेब, पण मग पाहणीत लिहावं लागेल की अध्यक्ष भिंतीतून गेले. अध्यक्षांनी उचललेला पाय होता तिथंच ठेवला. मग चौघं जीपमधल्या खुर्च्या काढून त्यांच्यावर बसले आणि त्यांनी पाय वर घेतले.

माध्यान्ह झाली. म्हैस हंबरली. तिची पाण्याची वेळ.

थोरलीनं लांबूनच विचारलं, "म्हशीला तळ्यावर नेऊ का?"

जीपमध्ये बसलेला प्लॉटवाला नको म्हणायला तोंड उघडणार, तोवर अध्यक्ष म्हणाले, "वाट नाहीच तर म्हैस जाईल कुठून? न्या खुशाल, आमची हरकत नाही."

थोरलीनं दावं सोडलं.

म्हैस सावकाश निघाली. वारुळाला वळसा घातला. पुढं एका खोडाशी थांबून बरीच पाठ घासली. मग ती बागेत शिरली, बागेतून धाकटीच्या स्वयंपाकघराचा कोपरा कापून शेजारच्या घराच्या माजघरात, तिथून गल्लीत. खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेल्या समितीच्या नाकासमोरून तिचं पोट डुलत गेलं आणि पलीकडची भिंत ओलांडून दिसेनासं होईना. दिसतच राहिलं.

चौघांच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या.

"म्हैस भिंतीतून गेली का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

कारकुनानं लेखणी कानावरून काढली, पुन्हा ठेवली. "तसं लिहिता येणार नाही, साहेब. भिंतीतून म्हैस जात नसते. ही गेली. म्हणजे तिथं भिंत नसणार, वाट असणार."

"आणि वाट असेल तर तिच्यावरून समितीला जाता येईल?"

"वाट असतेच त्यासाठी."

अध्यक्षांच्या पिठाच्या भुवया वर गेल्या. असा आनंद थोरलीनं त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. सगळे उठले आणि म्हशीच्या पाठोपाठ एका रांगेत निघाले, अनवाणी. सरळ तळ्याकडं जाता आलं असतं, पण अध्यक्ष म्हणाले, वाट सोडायची नाही. म्हशीनं दगडाशी थांबून मान खाजवली, तेव्हा समिती थांबली. ती चालली तेव्हा समिती चालली. तळ्यावर पोचल्यावर म्हैस पाण्यात उतरली आणि तिच्याशेजारी चार सभ्य माणसांनी धोतरं, विजारी वर धरून आपले पाय पाण्यात सोडले. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

प्लॉटवाला तेवढा आला नाही. त्या वाटेनं आला असता तर वाट कबूल केल्यासारखं झालं असतं. दिवस कलेपर्यंत तो जीपमध्ये बसून होता.

तळ्याकाठीच कारकुनानं लिहून घेतलं की जुनी वहिवाट आढळली, समिती तिच्यावरून बाहेर आली, सबब ती नकाशात घ्यावी. राहिली रुंदी. नियम असा होता की जो वापरतो त्याच्या अंगाची रुंदी धरायची. वापरणारी समोर पाण्यात बसली होती. मापायचं कशानं, एवढाच प्रश्न होता.

शिंप्याच्या गळ्यात टेप होता. तो झोपतानाच काय तो काढत असे.

म्हैस काठावर आल्यावर तो तिच्याजवळ गेला. दोन्ही अंगांना एकेक काठी उभी धरायला लावून त्यानं मधलं अंतर मापलं, पुन्हा मापलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, दिवस भरलेत ना हिचे?"

"भरत आलेत, भावजी."

"बरं झालं, आत्ताच मापतोय." त्यानं टेपवर अंगठा आणखी पुढं सरकवला. अंगठा बराच सरकला. कारकून बघत होता, तेव्हा शिंपी मोठ्यानं म्हणाला, "जरा सैल धरतोय, साहेब. अंगाबरोबर माप घेतलं की कपडा उसवतो. वाढत्या अंगाला माया सोडावी लागते."

कारकुनानं ते माप मायेसकट लिहून घेतलं.

घरी गेल्यावर शिंप्याला काय काय ऐकावं लागलं ते थोरलीला भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि ती भिंत खरी होती. धाकटीचा राग असा, की ती वाट तिच्या स्वयंपाकघराचा एक कोपराच कापून गेली होती.

वसाहत झाली. मधून वहिवाट सोडावी लागली, दोन्ही बाजूंना भिंती, आणि वाट म्हशीनं घातलेल्या वळशांसकट. वारूळ कधीच खणून टाकलं, पण त्या जागी वाट अजून वळसा घेते, आणि नव्यानं राहायला आलेली माणसं दुधाची भांडी घेऊन निमूटपणे तो वळसा घालतात. का, ते कुणी विचारत नाही. कोपऱ्याचं घर शेवटी शिंप्यानंच घेतलं. तीन कोपऱ्यांचं स्वयंपाकघर दुसरं कुणी घेईना, म्हणून ते त्याच्या आवाक्यात आलं.

थोरली रोज माध्यान्ही म्हशीला घेऊन तिथून जाते. धाकटी खिडकीत भाजीची देठं आणि सालं साठवून वाट बघत असते.

"आज उशीर केलात, जाऊबाई," ती परवा म्हणाली. "ही केव्हाची सुकली."

"म्हैस तुझ्या स्वयंपाकघरातून न्यायची नाही ना. बाहेरून यायला वेळ लागतो."

धाकटी हसली नाही, पण तिनं म्हशीच्या तोंडाशी मूठ धरली, आणि मग खिडकीतून वाकून दुसरी मूठ खाली धरली. कारण म्हैस आता एकटी नसते. ती बारीक झाली आहे, आणि तिच्या कडेला तिचं रेडकू चालतं. दोघं शेजारी शेजारी चालतात. इकडच्या भिंतीला ही घासत नाही, तिकडच्या भिंतीला ते घासत नाही. मापाच्या दिवशी जे पोटात होतं, त्याची जागा शिंप्यानं आधीच धरून ठेवली होती.