मानेतून निघालेला काटा

कोल्हारच्या बाहेर, प्रवरेच्या कडेला एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड आहे. त्या अमावस्येला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. जीपा, टेम्पो, मोटारसायकली पार डांबरी रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. आत उदाचा धूर कोंडला होता आणि मधोमध पाटावर काटेमहाराज बसले होते. गालात विडा, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाला मौन. बोलायचं काम त्यांचा चेला पुंजाराम करायचा, आणि चार माणसांचं एकटाच बोलायचा.

"मान धरली म्हंजी करनी भरली! डाक्टर फोटू काढतो. फोटूत काय दिसतं? हाडं! करनी काय हाडात बसती व्हय? ती बसती शिरंत! काटा निघाला का रोग पळाला!"

एकेक माणूस पुढे सरकायचा. महाराज त्याच्या मानेवर पितळी नळी टेकवून जोराने ओढायचे आणि ताटात थुंकायचे. लाल पाण्यात बाभळीचा लांबलचक काटा पडलेला दिसायचा. "आई गं!" असं सगळी शेड म्हणायची. तीन माणसं झाली की महाराज मौन सोडून आशीर्वाद द्यायचे, शेजारच्या पडद्याआड जायचे, नवा विडा लावून यायचे आणि पुन्हा मौन धरायचे.

त्या ओळीत माझी धाकटी बहीण विजयमाला होती. आम्ही तिला माला म्हणतो. मी बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. असल्या शेडमध्ये मी कधी पाऊल टाकलं नसतं, पण मालाला एकटीला उभं राहवत नव्हतं, म्हणून तिला धरायला आले होते.

तीन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. ताप गेला, पण माला पुन्हा पहिल्यासारखी उठली नाही. केस विंचरायला हात वर केला की मान आवळून यायची, ती कळ कवटीत चढायची. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती नांगराला जुंपून सोडल्यासारखी. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून चार भाकरी थापल्या, तर पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून मान उचलता येत नसे. नगरचा दवाखाना झाला, लोणीचा झाला, पुण्याचाही झाला. रक्त चांगलं, फोटो चांगला. "टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून परत यायचं.

तिची सासू मुक्ताबाई दुष्ट नव्हती, पण थकली होती. "समदं चांगलं हाय म्हनत्यात, मग ही लोळती कशापायी?" असं ती शेजारणींना ऐकवायची. नवरा सुनील गुपचूप स्वतःचा चहा करून गोठ्यात जायचा. एकदा माला मला म्हणाली, "ताई, माझ्या रिपोर्टात काहीतरी वाईट निघू दे. मोठं काहीतरी. निदान लोक मानतील तरी."

अशा बाईच्या मानेतून त्या दिवशी काटा निघाला. ती ढसाढसा रडली.

"बघ ताई! होतं ना माझ्या मानेत? मी खोटं नव्हते बोलत!"

मी काटा हातात घेऊन पाहिला. त्याचं बूड ओलं आणि हिरवं होतं. "माला, हा आज सकाळी तोडलेला आहे गं. तीन वर्षं शिरेत असता तर हिरवा राहिला असता का?" तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मूठ मिटली.

काट्यासोबत अंगाऱ्याच्या पुड्या मिळाल्या. रोज सकाळी दुधातून घ्यायच्या. आणि खरं सांगते, आठवड्याभरात माला उठली! धुणं धुतलं, गवत कापलं, मान वळवून हाक मारणाऱ्याकडे बघू लागली. मुक्ताबाईने पेढे वाटले. मला म्हणाली, "आता काय म्हन्ता, मास्तरीणबाई?" मी पेढा घेतला.

पुड्या चालूच राहिल्या. महिना-दीड महिन्याने मालाचं तोंड गोल, सुजल्यासारखं दिसायला लागलं. "अंगाला लागतंय," असं मुक्ताबाई म्हणायची. मग महाराज दुसऱ्या तालुक्यात फिरतीवर गेले आणि पुड्या संपल्या. दोन-तीन दिवसांतच मालाला उलट्या सुरू झाल्या. ती चुलीपुढेच कोसळली. सुनीलने जीप करून तिला नगरला नेलं तेव्हा तिचा बीपी लागत नव्हता.

तिथल्या डॉक्टर रेश्मा यांनी आधी सलाइन, इंजेक्शन दिलं आणि मग आम्हाला विचारलं, "ही काय खात होती?"

सुनीलने चाचरत अंगाऱ्याचं सांगितलं. शेवटच्या पुडीतली चिमूटभर राख घरी उरली होती, ती तपासायला गेली. राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या.

"हे औषध दुखणं दाबतं, खोटी तरतरी आणतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण रोज बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. मग अचानक तोडलं की माणूस असा कोसळतो. जीवही जातो. आता आम्ही ते हळूहळू कमी करू."

मग त्या मालाच्या खाटेवर बसल्या. तिचं सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. "तुम्हाला जे आहे त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. ताप येऊन गेल्यावर काहींना होतो. रक्तात दिसत नाही, म्हणून तो नाही असं नाही. मानेचं दुखणंही बऱ्याच जणांना त्याच्यासोबत असतं."

"बरी होईन ना?" मालाने विचारलं.

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "पूर्ण बरं करणारं औषध आज माझ्याकडे नाही. त्रास कमी करता येईल. बळ पुरवून वापरायला शिकावं लागेल. बरं वाटलं त्या दिवशी जास्त काम करायचं नाही."

माला भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी म्हणाली, "ती राख खोटी असेल ताई. पण मी हिंडत होते ते दिवस खोटे नव्हते."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

ती घरी आली आणि पुढच्या अमावस्येला महाराजही परत आले. मुक्ताबाईने पुन्हा तिथे जायचा हट्ट धरला. अंगाऱ्यात दुसऱ्याच कुणीतरी काही घातलं असेल, काटा तर डोळ्यांनी पाहिला होता! आश्चर्य म्हणजे मालाही जायचं म्हणाली.

"मला त्यांना एकच विचारायचंय."

मी आडवं यायला निघाले होते, पण तिचा चेहरा पाहून सोबत गेले. शेड तशीच तुडुंब होती. सुनीलच्या खांद्याला टेकत माला पाटापुढे बसली. महाराजांनी नळी उचलली.

"महाराज, नळी नंतर लावा," माला म्हणाली. "आधी तुमच्या तोंडानं सांगा, मी बरी होईन का?"

"महाराजांचं मौन हाय," पुंजाराम खेकसला. "मान वाकव!"

"काटा काढून झाला की बोलतात की. मग आत्ता का नाही? एकच शब्द बोला, महाराज. मी मरता मरता वाचलेय."

महाराजांनी नाही म्हणून डोकं हलवलं. मागून कुणी बाई म्हणाली, "बोला की, पोर लई काकुळतीला आलीय." आणखी चौघं तेच म्हणाले. महाराज उठून पडद्याकडे निघाले तशी मुक्ताबाई पुढे झाली आणि तिने त्यांचे पाय धरले. तिला कुणाला उघडं पाडायचं नव्हतं. ती मनापासून भीक मागत होती.

"एवढी सून पदरात टाका माझ्या! बरी हो म्हना, महाराज! एकदाच म्हना!" तिने पदर पसरला.

पाय सुटेनात. महाराजांनी गाल आवळून "बरी हो…" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. मुक्ताबाईच्या पसरलेल्या पदरात लाल थुंकी पडली आणि तीत तीन काटे.

शेड गार झाली. मुक्ताबाई पदराकडे बघतच राहिली. "ह्ये तर… अजून हिच्या मानेला नळी बी लावली न्हवती," ती हळूच म्हणाली.

मी उभी राहून सांगितलं. काटे बाहेरच्या बाभळीचे. ते विड्याआड गालात दडवायचे, म्हणून नळी लावण्याआधी मौन. रक्त म्हणजे काताचुन्याचा रस. अंगारा म्हणजे कुटलेल्या गोळ्या. मग पडदा बाजूला सारला. मागे टोपलीभर तोडलेले काटे होते. पुंजाराम तोवर पसार झाला होता. सुनीलने पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आणि पोलिसांनी महाराजांना नेलं.

गर्दी पांगताना एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "ह्यो भोंदू निघाला, पन पाथर्डीकडं एक हाय म्हनं, लई कडक."

माला बरी झालेली नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस ती अंधाऱ्या खोलीत, मानेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून असते. उरलेल्या दिवशी स्टुलावर बसून भाजी चिरते आणि दमायच्या आत सुरी खाली ठेवते. तो पदर मुक्ताबाईने अजून धुतलेला नाही, विसरू नये म्हणून तसाच ठेवलाय. भाकऱ्या आता तीच थापते. परवा तिला मालाचे केस विंचरून देताना मी पाहिलं.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी तोंडातून काटा, लिंबू, केस काही काढून दाखवलं, तर आधी त्याला चूळ भरायला लावा. राख, भस्म, पुडी पोटात घालण्याआधी त्यात काय आहे ते विचारा, आणि सांगितलं नाही तर फेकून द्या. पण तुमच्या घरातही कुणी असं पडून असेल, आणि कुठल्याच तपासणीत काही सापडत नसेल, तर त्या माणसाला खोटं ठरवू नका. मालाला त्या शेडमध्ये काट्याने नेलं नव्हतं. "तुला खरंच दुखतंय," असं तीन वर्षांत तिला पहिल्यांदा म्हणणारा माणूस तिथे बसला होता, आणि तो भोंदू होता. ते आपण घरी म्हणायला हवं होतं.