एन ते झेड

जिल्हा फुटला तेव्हा आमच्या खात्याचं सामान मीच वाटलं. उस्मानाबादच्या ऑफिसातलं निम्मं उचलून लातूरला आणायचं होतं. खुर्च्या निम्म्या, कपाटं निम्मी, पंखे निम्मे. यादीत लिहिलं होतं, 'इंग्रजी शब्दकोश, नग दोन'. मी शिपाई, नायगावचा, तेव्हा सातवी पास. दोन नग म्हणजे एकाच कोशाचे दोन भाग, हे मला कुठून ठाऊक? एक तिथं ठेवला, एक ट्रकमध्ये टाकला. खाली सह्या करणारे पदवीधर होते, त्यांनी तरी कुठं उघडून बघितलं? ए ते एम तिकडं राहिलं, एन ते झेड लातूरला आलं.

त्याच अर्ध्या कोशावर मी इंग्रजी शिकलो. पावसानं पाठ फिरवलेली, नळ कोरडे, आणि हणमंतराव साहेबांच्या आंघोळीचा ड्रम रोज टँकरवरून मीच भरायचा. रांगेत नंबर येईपर्यंत वाचत उभा राहायचो. मधे बाहेरून दहावीही काढली. पंच्याऐंशी साली कारकुनाच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. त्यावर साहेबांची सही लागत होती. बारा दिवस फॉर्म त्यांच्या टेबलावर पडून. शेवटची मुदत सोमवारी संध्याकाळी पाच.

शनिवारी साहेबांचा स्क्रॅबलचा जोडीदार दौऱ्यावर गेलेला. ठोकळ्यांवरची अक्षरं जुळवून शब्द करायचे, अवघड अक्षराला जास्त गुण, असा तो खेळ. साहेब मला म्हणाले, "ये रे भीमा, पंडित. मला हरव, लगेच सही देतो."

"आन् हारलो तर?"

"तर ड्रम भर."

बडे बाबू मन्मथप्पा गुण लिहायला बसले. भांडण झालं तर ऑफिसचाच कोश प्रमाण, हे साहेबांनीच ठरवलं.

मी एन ते झेडमधलेच शब्द लावत गेलो, दुसरे येतात कुठं? शेवटाला व्ही, ई, एक्स हातात आलं. लावलं. व्हीचे चार, ईचा एक, एक्सचे आठ. तेरा.

"वेक्स? असला शब्द नसतो. काय पण चिकटवतोस!"

"क्रियापद हाय साहेब. छळणं, जीव मेटाकुटीला आणणं. मूळ लॅटिन, वेक्सारे, म्हंजे गदागदा हलवणं. तिथून फ्रेंचात, मग इंग्रजीत."

मी भाग दुसरा आणून पान उघडलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, कान लाल झाले. मन्मथप्पा म्हणाले, "भीमा धा गुणांनी पुढं हाय, साहेब."

साहेबांचा शेवटचा डाव. त्यांनी जे, ई, के लावलं. "जेक. चौदा. संपला खेळ."

"जेक म्हंजे काय साहेब?"

"बघ की कोशात."

"जे तर पहिल्या भागात. त्यो उस्मानाबादला हाय."

"मग जाऊन बघ. वाटणी कुणी केली होती रे?"

मन्मथप्पा मान खाली घालून हसले. साहेब चार गुणांनी जिंकले. मी ड्रम भरला.

सोमवारी पहिल्या एसटीनं उस्मानाबाद गाठलं. तिथला बाबू म्हणे पत्र आणा. मी म्हणालो, कोश तुमचा न्हाई माझा न्हाई, एक पान बघू द्या. दीड तास घासाघीस. जेक नव्हताच. तसं कागदावर लिहून घेतलं, शिक्का मारून घेतला. येताना मुरुडला टँकर रस्त्यात आडवा, भोवती घागरींचा गराडा, एसटी जागेवर. मी त्या बायांवर चिडलो. मग लाज वाटली.

साडेचारला साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. "जेक शब्दच न्हाई साहेब. धा गुणांनी मी जिंकलो. सही करा."

त्यांनी कागद वाचून परत सरकवला. "खेळ शनिवारी संपला. आज न सांगता गैरहजर होतास. लेखी खुलासा दे. इंग्रजीत दे, एवढा शिकलायस तर."

घड्याळ पुढं सरकत होतं. फॉर्म फायलीखाली दबलेला, त्याचा कोपरा दिसत होता.

"सही करणार का न्हाई, तेवढं सांगा."

"आधी खुलासा."

मी कागद ओढला. तीन शब्द लिहिले, खाली सही केली.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "यू वेक्स अस." मन्मथप्पांचं पेन थांबलं.

"सगळे शब्द आपल्याच भागातले हायत साहेब. उस्मानाबादला जायचं काम न्हाई."

अर्थ त्यांनी विचारला नाही, शनिवारीच वाचला होता. फायलीखालून फॉर्म मी स्वतः ओढून काढला, बिनसहीचा. पाच वाजले. बाहेर टँकरचा भोंगा वाजला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या ड्रमाकडं बघितलं.

मी घरी गेलो.