बाबांना तोंडपाठ असलेलं मिनिट

"थांबा, मी गाऊनच दाखवतो!" असं म्हणून बाबांनी कॉफीचा कप खुर्चीवर ठेवला, घसा खाकरला आणि भर घोळक्यात गुणगुणायला सुरुवात केली.

कार्यक्रम नुकताच संपला होता. स्टेजमागच्या खोलीत पाचही वाजवणारे आपापली वाद्यं पुसत उभे होते. पियानोवालीने सहज, म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावेत म्हणून विचारलं होतं, "काका, आवडलं का?" तर काका सुटलेच. "बाकीचं मला काही कळत नाही हो, खोटं कशाला बोलू? पण आमच्या चिरंजिवांचा तो मधला चेलोचा तुकडा! चार वेळा ऐकला, चारी वेळा अंगावर काटा. आता तोंडपाठ आहे."

आणि खरंच पाठ होता. ते खालून वर चढत जाणं, मग एकाच सुरावर तीनदा अडणं, आणि मग ती जागा, जिथे चेलो घुटमळतो, पुढचं सुचतच नाहीये असा थबकतो आणि एकदम वाट सापडल्यासारखा खाली उतरतो. बाबा तिथे बरोब्बर घुटमळले, बरोब्बर तेवढाच वेळ थबकले आणि उतरले.

चेलोवाल्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

आता बाप लेकाचं कौतुक करतोय, त्यात एवढं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला काय झालं, असं कुणी विचारील. तर त्याचं असं आहे, की ह्या पाच पोरांचा कारभारच जगावेगळा. त्यांचं अर्धं संगीत शास्त्रीय, कागदावर लिहिलेलं, टिंब इकडचं तिकडे व्हायचं नाही. उरलेलं अर्धं जॅझ. प्रत्येक रचनेच्या मधोमध कुणा एकासाठी मिनिटभराची जागा मोकळी सोडलेली. तिथे कागद कोरा. त्या क्षणी जे सुचेल ते वाजवायचं आणि पुन्हा कधी तेच वाजवायचं नाही. सगळी गंमत त्यातच होती. लोक त्यासाठीच येत.

आणि चेलोवाल्याला नेमकं काहीच सुचत नसे. मंडळी त्याला 'काटा' म्हणत, कारण तालात तो घड्याळाच्या काट्यासारखा, कधी मागेपुढे नाही. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत भिंगं घासायचा. पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. अशा माणसाला सुचेल ते करायची सवय लागणार कुठून? पहिल्या तालमीला मोकळी जागा आली आणि ह्याचा गज हवेतच राहिला. मग त्याने घरी तीन आठवडे बसून ते मिनिट लिहून काढलं, घोकलं. ते घुटमळणंसुद्धा लिहिलेलं होतं. कुठे किती वेळ थबकायचं, तेही पेन्सिलीने आकड्यात. सोंग आणायचं तर पुरतं आणावं! तालमीत मात्र तो म्हणायचा, "माझं मी कार्यक्रमासाठी राखून ठेवतो."

"काका, तुमचा कान भारीच आहे," पियानोवाली म्हणाली.

"असायलाच पाहिजे! चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठली पुली रडतेय ते," असं म्हणून बाबा खुशीत कप परत द्यायला निघून गेले.

काटा चेलोच्या पेटीच्या कड्या उगीचच लावत-उघडत राहिला. शेवटी म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"अरे सोड," ड्रमवाला म्हणाला. "आम्हाला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं."

हे मात्र त्याला फार लागलं. म्हणजे सगळे आपापसात बोलले असणार. आपण नसताना, हळू आवाजात, आपली कीव करत. व्हायोलिनवाल्या बहीणभावांनी माना खाली घातल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ह्या चौघांसोबत वर्षभर वाजवलं, आणि त्या खोलीत आपण पहिल्यापासून एकटेच होतो, असं त्याला वाटलं.

"आम्ही वाट बघत होतो," पियानोवाली म्हणाली. "पण आता पुढच्या रविवारी तो तुकडा नको, काटा. वाईट वाजव, दोनच सूर वाजव, पण पाठ केलेलं नको. ते जमत नसेल तर आम्हाला दुसरा चेलो बघावा लागेल. मला हे बोलायला आवडत नाहीये रे."

घरी दोघंच असत, बाप आणि मुलगा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. ती गेली आणि लक्षात आलं, की ह्या दोघांना एकमेकांशी बोलताच येत नाही. "जेवलास?" "हो." "कुलूप लावलंस?" "लावलं." एवढ्यावर दिवस निघायचा. पहिल्या कार्यक्रमानंतर मात्र एका सकाळी दाढी करताना बाबा गुणगुणायला लागले. आई गेल्यापासून त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. काटा दाराआड टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटा तर खोटा, पण तुकडा घरात नांदत होता.

त्या आठवड्यात त्याने दोनदा सांगायचा प्रयत्न केला. "बाबा, ह्या रविवारी मी तो तुकडा..."

"हो हो, येतोय ना मी! शर्टसुद्धा इस्त्रीला दिलाय."

झालं, कपाळ!

रविवारी दुपारी वाचनालयाचा हॉल निम्मा भरला होता. बाबा पहिल्या रांगेत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून. रचना सुरू झाली. लिहिलेला भाग झाला. मग चौघं थांबले आणि मोकळी जागा आली.

पाठ केलेला तुकडा त्याच्या बोटांत तयार होता. गज टेकवायचाच अवकाश. समोर बाबांचे ओठ हलायला लागलेसुद्धा होते. त्याने डोळे मिटले आणि भलतीच तार छेडली. सूर खरखरला. त्याच्यामागून काहीच येईना. मग दुसरा एक सूर आला, कुठून कोण जाणे. त्यामागे तिसरा. धड चाल नव्हती, धड गोडवा नव्हता, अंधारात भिंत चाचपडत जावं तसं चाललं होतं. एवढ्यात ड्रमवाल्याने हलक्या हाताने त्याला साथ धरली. पहिल्यांदाच. इतके दिवस ड्रमवाल्याला धरायला काही मिळालंच नव्हतं.

काट्याने डोळे उघडले. बाबांचे ओठ थांबले होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की ते असे बघायचे. त्यांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं, मग लेकाच्या हातांकडे, आणि मग हळूच मान खाली घातली. लेकाची फजिती बघवेना त्यांना. काट्याचा जीव तिळतिळ तुटला, पण त्याने गज थांबवला नाही. मिनिट संपलं. पियानोवाली नुसतं "हां" म्हणाली आणि तिने पुढचे सूर धरले. पाचांतली त्याची जागा टिकली होती.

घरी जाताना बसमधून उतरल्यावर बाबांनी चेलोच्या पेटीला एका बाजूने हात लावला. एरवी लावत नसत.

"विसरलास ना?" ते हळूच म्हणाले.

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. बाबा, आज पहिल्यांदा माझं माझं वाजवलं. पण मग मागचं सगळंच सांगावं लागलं असतं. त्या दिवशी स्टेजमागे बाबांच्या गुणगुणण्याने काय झालं तेही.

"हो, बाबा. विसरलो."

"होतं असं. अरे, मी एकदा नवव्या मजल्यावर पानाच विसरलो होतो. लोकांचं एवढं मनावर घ्यायचं नाही." घरी आल्यावर त्यांनी शर्टही बदलला नाही. टेबलाचा दिवा लावला, समोरची खुर्ची ओढली. "बस. कागद घे. मला पाठ आहे, मी सांगतो. तू लिहूनच ठेव, म्हणजे परत घोळ नको."

लिहिलेला कागद आतल्या खोलीत, फायलीत होता. काट्याने कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि पेन्सिलीला टोक केलं.

बाबा गायला लागले. आवाज म्हातारा, थोडा बसलेला. तो एकेक सूर मांडत गेला. मधेच एका ठिकाणी बाबांचा सूर घसरला, होता त्याच्या खालीच लागला.

"जमतंय ना? नीट लिही."

"जमतंय," तो म्हणाला, आणि त्याने तो सूर बाबांनी लावला तसाच, खाली लिहिला. "पुढे, बाबा."