तिरक्या टोकाचा चार्जर

मी एक जुना चार्जर आहे. मित्रांनो, माझ्याकडे फार निरखून बघू नका, मला लाज वाटते. माझं टोक तिरकं आहे आणि त्याला एक खाच आहे. असं टोक फक्त आमच्याच कंपनीचं.

माझा जन्म झाला त्या सुमारास अनेक देशांतले अभियंते एका आंतरराष्ट्रीय मंडळात वाद घालत होते. बरीच डोकेफोड करून त्यांनी ठरवलं, की यंत्र कुणाचंही असो, चार्जरचं टोक एकाच मापाचं असावं. मंडळाच्या हातात छडी नसते. ते माप ठरवून देतं, पाळणं ज्याचं त्याच्यावर. आमच्या कंपनीने नाक मुरडलं. दुकानदार तर मला मिरवायचा, "याच्या जागी दुसरा कुणी चालणारच नाही." मी फुशारून जायचो.

मला एका आजोबांच्या घरी नेलं. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला होता आणि हात थरथरत असल्यामुळे लिहिलेलं कुणाला वाचता येत नसे. ते मोठ्या बटणांच्या एका यंत्रावर टाइप करत आणि यंत्र बोलत असे. भाजीत मीठ कमी आहे, एवढं सांगायलाही त्यांना मी लागायचो. सुरुवातीला माझी केवढी बडदास्त! पुढे मला मुरगाळून ड्रॉवरमध्ये कोंबू लागले.

आजोबांची लेक नोकरीसाठी परदेशी निघाली त्याच दिवशी माझी वायर मानेजवळ तुटली. बॅटरी आधीच संपत आली होती, यंत्र मुकं झालं. आमची कंपनी केव्हाच बुडाली होती. आजोबांच्या मुलाने शेजाऱ्यांकडून ओंजळभर चार्जर आणले. ते सगळ्यांच्या यंत्रांना बसत होते, आजोबांच्या यंत्राला एकही बसेना. मुलाने स्वतःचा फोन पुढे केला, पण त्या बारीक अक्षरांवर आजोबांची बोटं भलतीकडेच पडत होती.

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. लेक वाकून म्हणाली, "सावकाश सांगा बाबा, मी थांबते."

त्यांचे ओठ हलले. तिला काही कळलं नाही. तरी ती "हो बाबा" म्हणाली आणि डोळे पुसत जिना उतरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे नवं यंत्र आलं, सगळ्यांसारख्या टोकाचं. लेकीने फोनवर विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होतात? यंत्र बोललं, "ते तू निघताना सांगायचं होतं गं."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या मंडळात बसेल. तिथे कुणी म्हणालं, की आमचं टोक वेगळंच राहू द्या, तर मला टेबलावर ठेवा. मला लाज वाटेल, तरी ठेवा.