विहिरीतली पेटी

"मॅडम, तिसरी पेटी बी मारली तुमी पाण्यात. आता हिचं दहावं घालायचं का?" दोर वर ओढत सिद्धारामनं विचारलं. पेटीतून विहिरीचं पाणी गळत होतं.

कावेरी मॅडम हसल्या नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजमागच्या या विहिरीत त्यांना पेट्या बोलत्या करायच्या होत्या. तळातली पेटी पाण्यातूनच आवाज काढून वरच्या पेटीला सांगणार, इथं इतकं गार आहे. मग पुढं समुद्राखाली फिरणारी यंत्रं. दुपारी दिल्लीची कमिटी येणार होती. पेटी बोलली तर कॉलेजला प्रयोगशाळा, नाही तर दोन वर्षांच्या खटपटीचा बोऱ्या. आणि तळात सोडायला पेटी एकच उरलेली.

"बीड जिल्ह्यात समुद्र कुठाय, बाई?" प्राचार्य रोज चिडवायचे.

"समुद्र न्हाई, पन बुडायला पाणी हाय की!" सिद्धाराम परस्पर उत्तर द्यायचा. त्याला बोलावलं होतं नुसतं दोर सोडायला. पण परळीपासून उमापूरपर्यंत विहिरीत मोटारी सोडण्यात पंचवीस वर्षं घालवलेला माणूस, गप बसतोय थोडाच!

"तुमी पाणी भाईर ठिवायला बघता. आमी मोटार सोडताना आदी आमीच तिच्या पोटात पाणी भरतो. भरल्या यष्टीत कोन चढतंय?"

"आपल्याकडं चढतात, मामा."

"मान्सं चढतात. पाणी शानं हाय."

मॅडमनी पेटी उघडून दाखवली. "पण आत सर्किट आहे. पाण्यानं जाईल."

"मग तेल भरा. आख्खा ट्रान्सफॉर्मर तेलात बुडलेला असतो, जातो का?"

"आणि ही पेटी गेली तर?"

"तर मला ढकला हिरीत," सिद्धाराम म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

त्यानं ओळखीच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मरचं तेल आणलं. पेटी तिरपी करून शेवटचा बुडबुडा काढला, तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बांधलं. पाणी दाबेल तसं रबर दबेल, आत शिरायला जागाच नाही.

तीनला कमिटी विहिरीवर वाकली.

"आत काय आहे?" दिल्लीच्या मराठी साहेबांनी विचारलं.

"मासा हाय, साहेब. जरा लाजरा हाय, गप राहा."

पेटी तळाला टेकली. कॉम्प्युटरचा पडदा कोराच. मॅडमनी डोळे मिटले. सिद्धारामनं दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मग पडद्यावर आकडा उमटला. बावीस अंश. पुन्हा बावीस. तासाभरानंही बावीस, म्हणजे आत थेंबही शिरला नव्हता!

"बोलली बे, बोलली!" सिद्धाराम प्राचार्यांनाच 'बे' म्हणून बसला. प्राचार्यही त्याच्या पाठीवर थाप मारून मोकळे झाले.

"लॅब इथंच होईल," साहेब म्हणाले. "पण पोरांना हे शिकवणार कोण?"

मॅडमनी सिद्धारामकडं बोट केलं.

"मी सातवी नापास हाय," तो पुटपुटला.

"विहिरीत पास आहात," साहेब म्हणाले आणि सह्यांचं रजिस्टर त्याच्यापुढं केलं. हुद्द्याच्या रकान्यात साहेबांच्या पदव्या चार ओळी पसरल्या होत्या. त्याखाली सिद्धारामनं सावकाश दोन शब्द लिहिले: मोटार मिस्त्री.

शाई वाळेपर्यंत साहेब रजिस्टर धरून उभे राहिले.