मागची पंगत

हंबीररावांना आपल्या घरातलं सगळं ठाऊक होतं. निदान हंबीररावांचं तरी तसं म्हणणं होतं. कुठल्या पोत्यात कुठलं बियाणं आहे, कुठली म्हैस कुणाच्या हाताला दूध देते, उसाला पाणी कधी सोडायचं, यातलं काहीही कडेगावच्या त्यांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, घरी येऊनही हजेरी घ्यायची सवय काही गेली नव्हती.

म्हणूनच शिकागोतल्या एका उंच इमारतीच्या माथ्यावर, झोकदार हॉटेलात बसले असताना लेकाने एक साधा प्रश्न विचारला आणि सुभेदारांची बोलती बंद झाली, हे त्यांना चांगलंच झोंबलं.

लेक नाथाजी. सांगलीला शिकून इंजिनिअर झाला, अमेरिकेत नोकरीला लागला, अजून सडाफटिंगच होता. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याने आईबापाला बोलावून घेतलं. चंद्राबाईंनी आल्या दिवशीच त्याच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बापलेकांना गरम गरम वाढायचं आणि त्यांचं झालं की ओट्याशी पाठमोरं उभं राहून काहीतरी तोंडात टाकायचं, असा त्यांचा क्रम. नाथाजीच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. आई परत जायच्या आधी एकदा तरी टेबलाशी बसून, आपल्या आवडीचं, पोटभर जेवावी, एवढीच त्याची इच्छा. म्हणून तर हा सगळा घाट.

हॉटेल नव्या तऱ्हेचं होतं. नव्या तऱ्हेचं म्हणजे भिंतीवर एक चित्र नाही, खिडकीला पडदा नाही, नुसती काचच काच, आणि उजेड इतका बेताचा की मालकाने दिव्यांत काटकसर केली असावी. चंद्राबाई नऊवारीचा पदर घट्ट लपेटून खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. काळ्या कोटातल्या वेटरने खाण्याचं कार्ड अदबीने पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते न उघडता नवऱ्यापुढे सरकवलं.

"आई, तुला काय आवडतंय त्ये सांग," नाथाजी म्हणाला.

"तुमी घ्या काय त्ये. उरंल त्ये माझं हाईच की."

"हितं उरलेलं मिळत न्हाई, आई." तो बापाकडे वळला. "आबा, तुमी तरी सांगा. आईला काय आवडतंय?"

हंबीररावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला जेवताना आपण कधी पाहिलेलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. घरात पहिली पंगत पुरुषांची, मग पोरांची, मग गड्यांची. हंबीरराव हात धुऊन सोप्यात पान खात बसत, आणि चंद्राबाई आत कधीतरी जेवत. काय जेवत, देव जाणे. म्हशीला सरकी आवडते की पेंड, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

पण माहीत नाही म्हणतील तर ते सुभेदार कसले!

"कोंबडी," ते ठासून म्हणाले. "छातीची फोड. तिला तीच आवडती."

घरी आपल्याला तीच वाढतात, तेव्हा सगळ्यात चांगली तीच असणार, असा त्यांचा हिशेब. चंद्राबाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि नजर खाली घातली.

अख्खी भाजलेली कोंबडी गाड्यावरून आली. वेटरने समोरच ती कापली, छातीचे पांढरे काप ताटलीत मांडले आणि ताटली चंद्राबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती नवऱ्यापुढे सारली. वेटरने ती नम्रपणे परत जागेवर ठेवली. त्यांनी पुन्हा सारली. शेवटी हंबीररावांनी डोळे वटारले तेव्हा ती ताटली एका जागी राहिली. चंद्राबाईंनी एक घास घेतला, पुष्कळ वेळ चावला आणि पाण्याबरोबर खाली ढकलला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. पाहुण्यांच्या घरी अळणी कालवणाला म्हणतात, तसं. नाथाजीचा चेहरा पडला.

इतक्यात वेटर गाडा ढकलत निघाला. त्यावर पंख होते, पाठ होती, मांस चिकटलेली हाडं होती. परक्या पुरुषासमोर कधी आवाज न काढलेल्या चंद्राबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"आवं! कुठं घिऊन चाललाय त्ये?"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

"अगं, बस खाली," हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले.

"टाकून देनार व्हय त्यो? समदी चव तर हाडकाला आसती! नाथा, सांग त्येला, ठिव म्हनावं हितंच."

नाथाजीने सांगितलं. वेटर जरासुद्धा हसला नाही. त्याने तो सांगाडा मोठ्या ताटात घालून चंद्राबाईंपुढे ठेवला आणि शेजारी एक स्वच्छ रुमालही ठेवला.

मग चंद्राबाई खुर्चीत मागे सरून ऐसपैस बसल्या. पंख मोडला. पाठीच्या खोबणीतलं मांस अंगठ्याने अलगद काढलं. हाडूक चोखताना त्यांचे डोळे मिटत होते. नाथाजी हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हंबीररावांना आधी लोकांची लाज वाटली, पण बघता बघता ते लोकांना विसरले. बायकोचं असं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या टक लावण्याने अवघडून चंद्राबाईंनी एक तुकडा त्यांच्या ताटलीत टाकला.

"ह्ये खावा."

त्यांनी खाल्ला. मऊ, रसाळ, मीठ आतपर्यंत मुरलेलं. मग बायकोच्या ताटलीतला छातीचा काप खाल्ला. निव्वळ चोथा.

"मग घरी मला कायम छातीच का वाढतीस?"

"मोठी फोड कारभाऱ्याला नगं व्हय?"

"आन् ही पाठ, ह्ये पंख?"

"त्ये चुलीपाशी ऱ्हातंय," चंद्राबाई म्हणाल्या आणि दुसरा पंख उचलला.

हंबीररावांना राग आला. पहिल्या पंगतीला ताठ बसून आपण जन्मभर चोथा चघळला! मग त्यांना हसू आलं. आणि हसता हसता वाईटही वाटलं. ही बाई इतकं जीव लावून जेवते, आणि ते आपल्याला परक्या मुलखात कळावं!

कडेगावला परतल्यावर आठवडाभरात घरात कोंबडी शिजली. "ताट वाढलंय," आतून हाक आली. हंबीरराव भूक नाही म्हणाले आणि सोप्यात बसून राहिले. भावाची पोरं जेवली, गडी जेवले. मग ते खाली वाकून स्वयंपाकघरात शिरले. चंद्राबाईंनी चुलीमागची झाकलेली वाटी नुकतीच पुढ्यात घेतली होती. नवऱ्याला बघताच वाटी पदराआड गेली.

"हितं काय काढलंय?"

"जेवायला आलोय. तुज्यासंगं."

चंद्राबाई म्हणाल्या, "आवं, दिसभर समद्यांचीच हाय की मी. एवढी येक येळ माझी आसती. ह्या येळंला मला कोन हाक मारत न्हाई."

असं काही त्या कधी बोलल्या नव्हत्या. हंबीरराव मागे फिरले. दारापर्यंत गेले, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"आलाच हायसा तर बसा. पर बोलायचं न्हाई."

ते भुईवरच मांडी घालून बसले. चंद्राबाईंनी त्यांचं झाकून ठेवलेलं ताट पुढे सरकवलं, पाठीची फोड हाताने मोडली, दोन्ही तुकडे नीट निरखले आणि लहान तुकडा त्यांच्या ताटात टाकला.

सुभेदारांनी तो बोटं चाटत, अवाक्षर न बोलता खाल्ला.