शिव्यांनी तापलेला ढीग

सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते, तरी सांगलीच्या सुयोग कॉलनीतल्या बागेबाहेर चपलांचा खच पडला होता. डिसेंबरचा गारठा मी म्हणत होता. बागेच्या मागच्या कोपऱ्यात छातीएवढ्या उंचीचा एक ढीग होता आणि त्यातून पांढऱ्याशुभ्र वाफा निघत होत्या. ढिगावर भगवं फडकं, हळदकुंकू, नारळाच्या करवंट्या, उदबत्त्यांची रिकामी खोकी आणि फुलांसकट भिरकावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. लोक हात जोडून उभे होते.

धुनीबुवांनी कफनीची बाही वर सारली, मनगटापर्यंत हात ढिगात खुपसला आणि मूठभर राखाडी-पांढरी पूड बाहेर काढली.

“बघा! लाकूड नाही, काडेपेटी नाही, रॉकेल नाही! तरी धग, तरी भस्म! ही पृथ्वीच्या पोटातली धुनी आहे. परदेशातले शास्त्रज्ञ मशिनी घेऊन आले होते, मशिनी बंद पडल्या! इथलं व्हायब्रेशनच तसं आहे!”

कुठले शास्त्रज्ञ, कधी आले, कुणाकडे उतरले, असं एकानेही विचारलं नाही. ‘धुनीमाय की जय’ मात्र कॉलनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

गर्दीच्या मागे त्रिशला मगदूम हातात दाताळं घेऊन उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ती या बागेची पर्यवेक्षक. बागेतला पाला आजवर याच कोपऱ्यात जाळला जायचा आणि धुराने अख्खी कॉलनी खोकायची. वर्षभर पालिकेचे उंबरे झिजवून तिने ते जाळणं बंद पाडलं आणि पाल्याचं खत करायला घेतलं. ढीग मधून मधून पलटावा लागतो. पण ढिगातून वाफ निघताना दिसली, बुवांनी तिथे धुनी जाहीर केली आणि गेले दोन आठवडे तिने दाताळं उचललं, की भक्त अंगावर धावून येत होते.

आणि रांगेत सगळ्यांत पुढे होती मनुबाई. वीस वर्षं या बागेत झाडू मारणारी, पाला जाळून जाळून दमा जडलेली मनुबाई. खरं सांगायचं तर त्रिशलाने एवढा खटाटोप केला तो तिच्या खोकल्याकडे बघूनच.

त्रिशलाने तिला बाजूला घेतलं. “मनुबाई, हा ढीग कोणी रचला?”

“मीच की.”

“काय काय घातलंत?”

“वाळका पाला, हिरवळीचं कापल्यालं गवात, गोठ्यातलं श्याण, वरनं पानी.”

“मग यात देव कधी घातलात?”

मनुबाईने घाबरून कानाला हात लावले. “आसं बोलू नगासा, ताई. आमी निमित्त. बुवा म्हणत्यात, जागाच जागृत हुती, तिनं आमच्या हातनं ढीग रचून घेतला.” बोलता बोलता तिला धाप लागली. तिने कनवटीची पुडी काढली, चिमूटभर पूड जिभेवर टाकली आणि उरलेली छातीभर हुंगली.

“तुमचा दम्याचा पंप कुठाय?”

“सोडलाय. औषध आन भस्म येका अंगात नांदत न्हाईत, बुवा म्हणत्यात.”

आता मात्र त्रिशलाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. परक्याने फसावं हे समजू शकतं. पण ज्या बाईने स्वतःच्या हाताने शेण कालवलं, तिनेच त्याच शेणापुढे लोटांगण घालावं?

दुसऱ्या दिवशी ती लांब दांड्याचा तापमापक घेऊन आली आणि सगळ्यांसमोर ढिगात खुपसला. काटा बासष्ट अंशांवर थांबला. “ओल्या पाल्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात,” ती घसा ताणून सांगू लागली. “ते पाला खातात, त्यातून उष्णता निघते. जेवल्यावर आपलं अंग ऊबदार राहतं ना, तसंच. ही पांढरी पूड त्याच जीवांची आहे. ती राख नाही. नाकातोंडात घालू नका!”

“ऐकलंत?” बुवा खुर्चीतून उठले. “काट्यालासुद्धा धुनी कळली! बासष्ट! सहा आणि दोन आठ, आठ म्हणजे अष्टसिद्धी!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तापमापकावर कोणीतरी कुंकू लावलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं पुटपुटत त्रिशला घरी गेली आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही.

चौथ्या दिवशी मनुबाई झाडू मारता मारता खाली बसली ती उठलीच नाही. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला प्राणवायू लावला आणि पुडी उलगडून बघितली. “यात बुरशीही आहे. दम्याच्या माणसाने हे हुंगायचं आणि पंप सोडायचा? आणखी तासाभराने आणली असती, तर हाती काही लागलं नसतं. आठवडाभर ठेवून घेतो. पण घरी जाऊन पुन्हा हेच केलं, तर मी काही करू शकणार नाही.”

बागेत बुवांनी सांगितलं, मनुबाईच्या मनात शंका आली, म्हणून धुनी कोपली.

संध्याकाळी मनुबाईने डोळे उघडले. पहिला शब्द काय काढला? “ताई, भस्म आणलंय?”

त्रिशला उठून व्हरांड्यात आली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तिथेच हंबीरराव भेटले. साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेले, कॉलनीत शिवराळ म्हणून नावाजलेले आणि बुवांच्या रांगेतलेही. मनुबाईला बघायला आले होते.

“लय वंगाळ झालं,” ते डोकं खाजवत म्हणाले. “आवं ताई, कारखान्यात उसाच्या चिपाडाचा ढीग आसाच तापायचा. येकदा तर आपसूक पेटला.”

“मग काय केलंत?”

“पानी मारलं.”

“नारळ का नाही फोडला?”

“गावाकडं थंडीत उकिरडाबी वाफाळतोय. कुत्री उबंला निजत्यात तितं,” हंबीरराव हळूच म्हणाले. “पर ह्यो उकिरडा हाय, आसं ध्यानातच न्हाई आलं. सांगायला बुवा हुता न्हवं.”

त्रिशलाने डोळे पुसले. समजावून भागणार नव्हतं. मनुबाई घरी यायला सात दिवस होते.

दुसऱ्या सकाळी ती गर्दीसमोर उभी राहिली. “बुवा, दोन नवे ढीग रचू. एक तुमचा, नुसता कोरडा पाला, त्यावर हवे तेवढे मंत्र म्हणा. दुसरा हंबीररावांचा, पाला, गवत, शेण आणि पाणी. त्याला मंत्र नाही. रोज सकाळी मनसोक्त शिव्या. कोणता तापतो बघू.”

“धुनी परीक्षा देत नसते!”

“आवं बुवा, व्हय म्हणा की,” भक्तच ओरडले. “तुमास्नी येका फुंकरीचं काम!”

बुवा अडकले. ते त्रिशलाजवळ सरकून हळूच म्हणाले, “माझ्या ढिगाला थोडं शेणपाणी…”

“धुनीला शेणपाणी कशाला लागतं?” त्रिशलाने मोठ्याने विचारलं. पुढच्या रांगेतले चार-दोन चेहरे तरी त्या वेळी विचारात पडले.

मग रोज सकाळी एका कोपऱ्यात मंत्र आणि दुसऱ्यात हंबीरराव. त्यांनी त्या ढिगाच्या सात पिढ्या काढल्या. आयाबाया कानांवर पदर घेऊन हसत होत्या. तिसऱ्या दिवशी शिव्यांच्या ढिगातून वाफ निघाली. बुवांचा ढीग गारच. सातव्या दिवशी त्रिशलाने नाकाला फडकं बांधून हंबीररावांचा ढीग फोडला. वीतभर आत तीच राखाडी-पांढरी पूड होती. लोक ती एकमेकांना बोटाने दाखवू लागले.

बुवा मात्र बुवाच. “शिव्यांतही शब्दशक्ती असते,” ते म्हणाले. आणि कमाल म्हणजे दोघातिघांनी मानही डोलावली!

फाटकाशी मघाशीच एक रिक्षा थांबली होती. दवाखान्यातून सुटलेली मनुबाई घरी जायचं सोडून थेट इथेच आली होती. दोन ढिगांची पैज तिला दवाखान्यातच कळली होती आणि बुवांचं हे बोलणं तिने येता येता ऐकलं होतं. नाकातोंडाला रुमाल होता. त्रिशला ‘लांबूनच बघा’ म्हणेपर्यंत तिने बुवांच्या ढिगात हात घातला. गार. मग शिव्यांच्या ढिगातल्या पुडीकडे कितीतरी वेळ बघितलं.

“बुवा,” तिने विचारलं, “मला इचारायचं हाय. माजा श्वास कुटल्या शब्दानं कोंडला?”

बुवांनी आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. दुपारपर्यंत त्यांची खुर्चीही जागेवर नव्हती.

“देव मानायचा तर माना,” त्रिशलाचा आवाज चढला होता, राग अजून गेला नव्हता. “पण कोणी म्हणालं, विचारू नका, औषध सोडा, की तिथल्या तिथे विचारा. कशाने? कसं? पुन्हा करून दाखवाल का? एवढं विचारायला शाळा लागत नाही. माणूस मरायला टेकल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं!”

लोक एकेक करून निघाले. काही शरमलेले, काही नुसते हिरमुसलेले. मनुबाईने पंपाचा एक झुरका घेतला आणि खाली बसून आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले.

“ताई, पाला म्या वाहिला, श्याण म्या कालवलं,” ती म्हणाली. “काम ह्या हातांचं, आन म्या दुसऱ्याच्या पाया पडत बसले.”